जुळणारी दोन दारं

सिंकखालचं दार मिस्त्रीने जरासं ओढलं, तर बिजागऱ्या मागेच राहिल्या आणि दार हातात आलं. पाणी पिऊन पिऊन त्याची खालची कड फुगली होती, नुसतं बोट लावलं तरी भुसा गळत होता. आत काळं, चिकट काहीतरी पसरलेलं, आणि उजेड पडताच झुरळांची पळापळ. आयुष्यभर लोकांच्या सिंकखाली डोकं घातलेल्या मिस्त्रीनेही त्या वासाने तोंड फिरवलं.

"शी," मालकीण नाकाला रुमाल लावून लांबूनच म्हणाली. "ही दोन्ही दारं बदला. पण शेडला शेड जुळली पाहिजे. रविवारी माणसं येणार आहेत, ठिगळ दिसलेलं मला चालणार नाही. अख्खं किचन नवीन करायची ऐपत नाही आत्ता."

बाकी किरकोळ होतं. एक ट्रॉली अडकत होती, एक बिजागरी कुरकुरत होती, आणि खाण्याचे डबे ठेवायच्या उभ्या कपाटाला कुलूप बसवायचं होतं.

"कुलूप कशाला? लहान मूल आलंय का घरात?"

"नाही. तुम्ही बसवा."

कुलूप पंधरा मिनिटांत बसलं. शेड मात्र जुळेना. बारा वर्षांपूर्वी हे किचन त्यानेच बसवलं होतं, पण ती फिकट हिरवी शेड बाजारातून कधीच गेली होती. त्याने आणलेले नमुन्याचे तुकडे मालकिणीने एकेक करून दाराशी धरले. एक पिवळट निघाला. दुसरा निळसर. तिसऱ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

मग मिस्त्रीचं डोकं चाललं. चाललं नसतं तर बरं झालं असतं.

"ताई, तेव्हा एक शीट उरली होती, आठवतंय का? तिच्यातून मी आजींच्या खोलीतलं कपाट केलं होतं. त्याचीच दारं इकडे लावू. थोडी कापावी लागतील, पण शेड तीच. कुणी भिंग घेऊन बसलं तरी फरक सापडणार नाही." हे सांगताना त्याची छाती फुगली होती.

मालकिणीचा चेहरा उजळला. "आणि तिच्या कपाटाला काय?"

"पडदा लावा एखादा."

"पडदा तरी कशाला? तिच्या खोलीत जातंय कोण?"

आतल्या खोलीत मालकिणीची आई पलंगावर बसली होती. हातापायांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. मिस्त्री कपाटाकडे वळलेला दिसताच ती म्हणाली, "ते नीट आहे. त्याला काही झालेलं नाही."

"ठाऊक आहे, आजी. मीच केलंय ना ते."

"मग राहू दे की बाबा."

म्हाताऱ्या माणसांना वस्तू हलवलेली खपत नाही, असं म्हणून त्याने स्क्रू काढायला घेतले. दोन्ही दारं उतरवली आणि आंबूस वासाचा भपकारा तोंडावर आला. वरच्या कप्प्यात डायपरचे गठ्ठे होते. खाली कपड्यांच्या घड्यांमागे प्लास्टिकच्या पिशव्या कोंबलेल्या. त्यांत पावाचे वाळलेले तुकडे होते, काहींवर हिरवी बुरशी. काळं पडून पाझरायला लागलेलं अर्धं केळं. कागदात बांधलेली चमचाभर साखर, तिला मुंग्या लागलेल्या. म्हातारीने मान खाली घातली होती.

मालकीण मागून आली. ते दिसताच कचऱ्याचा डबा आणून चिमटीत धरून एकेक पिशवी आत टाकू लागली.

"बघितलंत? तरीच घरभर झुरळं. दोन वेळ जेवायला देते हो मी तिला. मोजकंच देते, खोटं कशाला सांगू? जेवढं खाते तेवढं मलाच निस्तरावं लागतं. चार दिवस तुम्ही करून बघा, मग मला शिकवा."

मिस्त्री काही शिकवणार नव्हता. सिंकखालचा वास पुन्हा नाकात शिरल्यासारखं त्याला झालं. केळं डब्यात पडलं, तेव्हा म्हातारीचं तोंड उगाचच हललं. ते त्याने बघितलं आणि दारं काखेत मारून तो किचनमध्ये निघून गेला.

दुपारपर्यंत दारं कापून, कडा बंद करून लागली. कुठलं जुनं आणि कुठलं त्या खोलीतलं, ते लावणाऱ्यालासुद्धा ओळखू येईना. मालकिणीने दारांवरून हात फिरवला. "तुमच्या हाताला तोड नाही, मिस्त्री." ती खूश होती. तिने नवीन कुलपाची किल्ली फिरवली, उभ्या कपाटातून डबा काढला, चहाच्या बशीत चार बिस्किटं ठेवली आणि डबा आत ठेवून पुन्हा किल्ली फिरवली. कुलूप सफाईने लागलं. दारंही त्याच्याच हातची, कुलूपही त्याच्याच हातचं. मिस्त्रीला स्वतःच्या हातांची किळस आली. तिने दिलेला चहा त्याने उभ्याउभ्याच संपवला आणि ती पाठमोरी झाल्यावर बिस्किटं खिशात टाकली.

हातोडी राहिली म्हणून तो म्हातारीच्या खोलीत गेला. उघड्या कपाटात डायपर, कपडे, सगळं दारातूनच दिसत होतं. त्याने चारही बिस्किटं म्हातारीपुढे धरली. तिने एक उचलून अख्खंच्या अख्खं तोंडात घातलं. उरलेली तीन त्याच्या मुठीत परत सारली आणि वरून त्याची बोटं मिटली.

"तूच ठेव," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "माझ्या कपाटाला आता दार नाही."