इंचभर उंची

"ताई, छातीपासून डोक्यापर्यंत इंचभर वाढली हो आपली ईरा!" चंद्रावर ईराला सांभाळणारी सुलभामावशी पडद्यावर कौतुकाने म्हणाली. ईरा तिच्या गळ्यात पडून खिदळली. मृण्मयीही हसली, पण आईचं हसू पृथ्वीवरून तिथे पोचेपर्यंत पोरीने तोंड फिरवलंसुद्धा होतं. मृण्मयी आतल्या आत जळली.

लेकीचं हृदय दुबळं. चंद्रावर सगळ्याचंच वजन सहावा हिस्सा, रक्ताचंही. म्हणून दोन वर्षं तिला तिकडे मावशीपाशी ठेवलं होतं. आता तिला घरी आणता येईल का, एवढंच बघायचं होतं. उंच इमारतींचे पंप निवडणाऱ्या मृण्मयीने हृदयाचं हेड, म्हणजे पंपासारखा त्याला लावावा लागणारा जोर, काढायला घेतलं: रक्त किती उंच चढवायचं, वाटेत किती जोर वाया जायचा.

वाढलेला इंच तिने धरलाच नाही. उत्तर जमलं. ईरा घरी येणार!

मग तिने हिशेब पुन्हा उघडला. तिने इंच परत घातला. हृदय कमी पडलं.

"राहू द्या तिला तिकडेच," ती कशीबशी म्हणाली. "आणि वेण्या घालत जा तिच्या. मोकळे केस आवडत नाहीत तिला."

"आता आवडतात हो, ताई," मावशी म्हणाली.