कडेची करडई

“शेतात पिकलीच नाही ती करडई लोकांच्या पोटात गेली कशी?” होनराव साहेबांनी देशात किती पिकलं नि किती खाल्लं याच्या अन्न-ताळेबंदाचा तक्ता रेवतीपुढे सरकवला. “चारला दिल्लीची बैठक आहे. लोकांच्या खाण्याचा आकडा कमी करा आणि ताळा जुळवून आणा.”

रेवतीनं तक्ता जवळ ओढला. घरोघरच्या पाहणीत लोकांनी खाल्लेलं करडईचं तेल पिकापेक्षा कितीतरी जास्त भरत होतं. पुन्हापुन्हा तपासूनही चूक सापडेना. आणि खाणं खोडायचं कसं? तिच्याच स्वयंपाकघरात आईनं पाठवलेला करडईच्या तेलाचा डबा होता. तिनं गावी फोन लावला.

“आई, यंदा करडई किती पेरली?”

“करडई? आपण कुठं पेरतो गं? रानात सगळी ज्वारीच.”

“मग मला तेल धाडतेस ते?”

“ते होय! ते कडेचं. काट्यांमुळं गुरं ज्वारीत शिरत नाहीत, म्हणून बांधाकडेनं करडईची दोन तासं, दोन ओळी टाकतो. त्याला का कुणी करडई पेरली म्हणतं? तलाठी पीक लिहून घ्यायला आला तरी आम्ही ज्वारीच सांगतो.”

रेवतीला हायसं वाटलं. साहेबांना सांगायला ती लगबगीनं उठली, पण तक्त्याकडं नजर जाताच पुन्हा खाली बसली. करडईच्या खाली जवस, कारळं, अंबाडी; हीसुद्धा बांधाकडेचीच पिकं. त्या सगळ्या ओळी चोख जुळल्या होत्या. दरवर्षीच जुळायच्या. कुणाकुणाचं खाणं कमी करून, हे विचारायची आता तिची छाती होईना.