ताईची खरेदी

"ताई, ऊठ आता! तिकडे बँडवाले येऊन बसलेत आणि घरमालकिणीच्या बहिणीचाच पत्ता नाही!"

तेओदोराने गर्दीतून वाट काढत बासिलियाचा दंड धरला. बासिलिया एका दुकानापुढे उकिडवी बसली होती. तिने मान वर केली नाही.

"बारा वाजू देत. मग बघू."

चोवीस जानेवारी. अख्खं ला पास शहर जत्रेत लोटलं होतं. आलासिताच्या या जत्रेत बाराच्या ठोक्याला जी इवलीशी वस्तू घ्यावी, ती वर्षा-दोन वर्षांत खरीखुरी होऊन दारात उभी राहते, असा सगळ्यांचा विश्वास. बोटभर घर, नखाएवढ्या नोटा, काडेपेटीएवढा ट्रक. घ्यायची आणि तडक यातिरीपुढे, म्हणजे मंत्र घालणाऱ्या बुवापुढे धरायची. तो निखाऱ्यांवर धूप टाकतो, दारू शिंपडतो, काहीबाही पुटपुटतो.

तेओदोराचा यावर काडीचा विश्वास नव्हता. जे मिळवलं ते स्वतःच्या मनगटाच्या जोरावर, असं ती चारचौघांत ठणकावून सांगायची. आणि ते खोटं नव्हतं. पाठ मोडेस्तोवर घागरे शिवले, मग कापडाचं दुकान टाकलं, मग मिनीबस घेतली आणि आता वर पठारावरच्या एल आल्तोत पाच मजली इमारत. हिरवी, नारिंगी, काचाच काचा. आज दुपारी तिचीच वास्तुपूजा होती. लोक माना वर करकरून बघत होते.

कौतुकाला काही तोटा नव्हता. पण तिला हवं होतं ते एकाच माणसाच्या तोंडचं. आई गेल्यावर बासिलियाने तिला पाठीशी बांधून चौकात आपी, म्हणजे मक्याचं गरम पेय, विकलं होतं, स्वतःचं लग्न लांबवून तिला वाढवलं होतं. त्या ताईने दुकान पाहिलं तेव्हा म्हणाली, "बरं झालं." मिनीबस पाहिली तेव्हा म्हणाली, "बरं झालं, जपून चालवा." बस्स. ताई 'जिंकलीस गं' म्हणत नाही तोवर आपण जिंकलो, असं तेओदोराला वाटणारच नव्हतं.

ताई का म्हणत नाही, हेही तिने ताडलं होतं. बासिलियाच्या खोलीत चुलीवरच्या फळीवर जत्रेतल्या वस्तू मांडलेल्या असत. चिमुकलं शिलाई यंत्र. चिमुकलं कापडाचं दुकान. मिनीबस. आणि पाच मजली इमारतसुद्धा! धाकटीकडे जे जे आलं, ते हिलाही हवं होतं. आयुष्यभर आपी विकून हिला काही मिळालं नाही, मग जळणार नाही तर काय करणार?

चर्चच्या घंटा वाजल्या. फटाके फुटले. सगळीकडे एकदम झुंबड उडाली.

"बोल मावशी, काय देऊ?" दुकानदाराने विचारलं.

बासिलियाने बोट दाखवलं. दुपट्यात गुंडाळलेलं, टोपी घातलेलं मातीचं बाळ.

दुकानदार खो खो हसला. "अगं मावशी, आधी नवरा तर बघ! मातीचे कोंबडे पलीकडच्या दुकानात मिळतात. एक कोंबडा ने, नवरा आपसूक चालत येईल!"

आजूबाजूच्या बायका शाल तोंडाशी धरून हसायला लागल्या. साठी उलटलेली विधवा, आणि बाळ घेतेय!

"बाळच दे," बासिलिया म्हणाली.

"मुलगा की मुलगी?"

"जे येईल ते."

तेओदोराला हसू आलं नाही. इमारतीचा सगळ्यात वरचा मजला तिने स्वतःसाठी ठेवला होता आणि त्यातली एक खोली पिवळी रंगवून कुलूप लावून टाकली होती. तीनदा दिवस राहिले होते, तीनदा हातचं गेलं होतं. नवऱ्याखेरीज हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीतली पोरं दारात दंगा करायला लागली की ती काहीतरी निमित्त काढून दुकानात निघून जायची.

म्हणजे माझ्यापाशी जे नाही, तेसुद्धा हिला माझ्याआधी हवंय?

यातिरीपुढच्या रांगेत ती बहिणीच्या पाठोपाठ चालत राहिली. धुराने डोळे चुरचुरत होते.

"ताई, आज खरं सांग. माझं चांगलं झालं की तुझ्या पोटात दुखतं ना?"

"हळू बोल. इथं भांडू नये."

"का हळू? तुला लाज नाही, मग मला कशाची? या वयात बाळ! लोक हसतायत आपल्याला!"

"हसू देत." बासिलियाने बाळाचं दुपटं नीट केलं.

तेओदोराचा आवाज फाटला. "सगळं शहर म्हणतंय. तू एकदा म्हण ना, ताई. तेओ, तू जिंकलीस. एवढंच. फार मागतेय का मी?"

बासिलियाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"अजून नाही," ती म्हणाली.

इतकी वर्षं गेली आणि शेवटी हे. आता परत हिच्या दारात पाऊल टाकायचं नाही, असं तेओदोराने तिथल्या तिथे ठरवून टाकलं आणि ती माघारी वळली. पण मागून रेटा होता, पाऊल टाकायला जागा नव्हती. ती तशीच पाठ करून उभी राहिली.

बासिलियाचा नंबर आला. यातिरी म्हातारा होता, दरवर्षी याच कोपऱ्यात बसणारा. तिला बघून तो ओळखीचं हसला. त्याने बाळ हातात घेतलं, धुरावर फिरवलं, दारूचे थेंब शिंपडले.

"यंदा बाळ का, मावशी? छान, छान. आणि हे कुणाच्या घरी धाडायचं? दरवर्षीच्याच पत्त्यावर ना?"

"त्याच," बासिलिया म्हणाली. "माझ्या तेओदोराच्या."