सुतळीची गाठ

मंत्र्यांनी नव्या वेतनश्रेणीचं आश्वासन अखेर लेखी दिलं, शिक्षकांनी बहिष्कार मागे घेतला आणि कसबा पेठेतल्या त्या ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकखोलीत पेढे फिरले. सगळे खूश. सुनीती मॅडमचा पेढा मात्र हातातच राहिला.

कारण संघटनेचे दीनानाथ सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "बारावीचे पेपर आपण तपासले नाहीत, म्हणून सरकार नमलं! नोटिसा काढल्या, निलंबनाच्या धमक्या दिल्या, पण एकाही गठ्ठ्याची सुतळी सुटली नाही. आता काढा घरून आणलेले आपापले गठ्ठे. सगळ्यांनी एकदमच सोडायचे, इथंच!"

झाली का पंचाईत! मॅडमचा गठ्ठा आतून लाल शाईनं भरलेला. शपथ त्यांनीही घेतली होती, घसा बसेपर्यंत घोषणाही दिल्या होत्या. पण घरी दिवाणाखाली ठेवलेला तो गठ्ठा काही चैन पडू देईना. कुठल्या गावची पोरं, कुणास ठाऊक. हल्ली जो तो कॉम्प्युटरच्या मागे. निकाल रखडला तर त्यांच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं काय? एका दुपारी सुतळी सोडली आणि मग राहवलंच नाही. सगळे पेपर तपासून झाल्यावर त्यांनी पुन्हा तश्शीच गाठ मारून ठेवली. आता इतक्या वर्षांची सोबतीची माणसं तोंडावर फितूर म्हणणार, आणि ते खोटंही नसणार!

त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि गाठीशी उगाच चाळा करत बसल्या. "सुटत नाहीये हो," त्या पुटपुटल्या.

"माझीही नाही सुटत," शेजारच्या शैला मॅडम खाली मान घालूनच म्हणाल्या.

पलीकडे बद्रीनाथ सर नखानं गाठ नुसती कुरवाळत होते. कुणाचीच सुटेना. अख्ख्या खोलीत एकही माणूस मान वर करीना.

"घाई काय आहे एवढी?" दीनानाथ सर एकदम म्हणाले. "आधी चहा घेऊ."

सुनीती मॅडमनी वर पाहिलं. बोर्डाकडून सगळे गठ्ठे आले होते ते सुतळीनं बांधून. सरांनी छातीशी कवटाळलेल्या गठ्ठ्याला पायजम्याची पांढरी नाडी होती.

हुश्श! मॅडमना इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं.

"म्हणजे निकाल वेळेवर लागणार तर," त्या म्हणाल्या आणि पेढा अख्खाच तोंडात टाकला.