गाल ओढून बघा

तीस वर्षं हॉटेलच्या काउंटरवर हसून हसून रिसेप्शनिस्टबाईंचा चेहरा पार थकला होता. नवे मॅनेजर आता त्यांना मागच्या खोलीत बसवायचं म्हणत होते.

"सर्जरी केली तर कसं दिसेल, ते गाल कानांकडे ओढून बघा," त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाईंनी आरशासमोर गाल ओढले. पंचविशीत त्या जी मुलगी होत्या, ती समोर आली. तीही दमलेलीच होती.

"नको बाई ती चिरफाड. लेझरच करू," असं म्हणून त्यांनी हात मांडीवर ठेवले.

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहिलं आणि आरशाकडे पाहिलं.

"ठरलं ना? मग सोडा की आता गाल."

बाईंनी खाली पाहिलं. दोन्ही हात मांडीवरच होते. आरशातली बोटं मात्र गाल आणखी मागे ओढत होती, आणि दुखत होतं इकडे.