सातवा होकार

"त्या 'नाही'वर चिडू नकोस, मृण्मयी. ते यायचं थांबलं, की घाबर," असं दातारकाका म्हणाले, ते तिनं हसण्यावारी नेलं होतं.

राज्यं वाटून तह करायचा तो ऑनलाइन खेळ सातजण आपापल्या घरून खेळत, बाकीचे बघत. सगळ्यांचा होकार आला, तरच बरोबरीत डाव संपे. गुप्त मत कपाळावरची पट्टी थेट मनातून घेई. तिथं खोटं चालत नसे. दर रविवारी एक 'नाही' येई आणि डाव लांबे.

"कोण रे हा हावरट?" सगळे चिडवत. काका सर्वांत मोठ्यानं हसत.

आज सातही 'हो' आले. एकच जल्लोष झाला, पण त्यात काकांचं हसू नव्हतं. डाव संपू नये म्हणून येणारं ते 'नाही' काकांचंच होतं, हे मृण्मयीला आता कळलं. मांडीवरच्या बाळाला घट्ट धरून तिनं त्यांना फोन लावला. ते उचलेनात.

मग डाव बघणाऱ्या सगळ्यांना तिनं लिहिलं, "सांगलीत, विश्रामबागेत राहतं का कुणी? दातारकाका एकटेच असतात हो. जरा दार वाजवून बघा ना."