लेकीच्या शहरात

"बा, मा, पूल आला हं. मोठा आहे, पण घाबरू नका. मी आहे," टॅक्सीच्या पुढच्या सीटवरून लोआन म्हणाली. मांडीवरचं लाल फडक्यातलं गाठोडं तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. टॅक्सीवाल्यानं आरशातून एकदा मागं पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे नजर वळवली.

"आपण काय कुक्कुली बाळं आहोत?" मागं बसलेला विन्ह बायकोच्या कानाशी कुरकुरला. "दर पुलाला ही दवंडी पिटतेय."

"पिटू दे. काळजीनं सांगतेय लेक. तुम्ही बाहेर बघा की," थोआ म्हणाली.

बाहेर सायगॉन होतं. नदी गढूळ, पण केवढी! तिच्यावर वाळूनं भरलेले पडाव, आणि पलीकडे मान मोडेपर्यंत बघावं अशा इमारती. थोआचा सगळा जन्म कालव्याकाठी नारळ सोलण्यात गेला होता. तिला हे शहर बघताक्षणी आवडलं.

अकरा वर्षांपूर्वी लोआन याच शहरात पळून आली होती, उत्तरेकडच्या किएन नावाच्या स्कूटर दुरुस्त करणाऱ्याशी लग्न करून. विन्हनं तेव्हा शपथ घेतली होती, लेकीच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. आता मुलानं कालव्याकाठचं घर विकलं आणि तो सासुरवाडीला राहायला गेला. तिथं या दोघांना जागा नव्हती. "माझ्याकडे चला," असं लोआन म्हणाली, तेव्हा थोआ एका पायावर तयार झाली. विन्ह मात्र "बघून येतो, राहणार नाही," म्हणत निघाला. जायला दुसरं घर नव्हतं, तरी!

बाजाराशी लोआननं टॅक्सी थांबवली.

"फळं घेते. तुम्ही जरा इकडंतिकडं बघा, पण लांब जाऊ नका. हरवलात तर कुठं शोधू मी?" गाठोडं छातीशी धरूनच ती उतरली.

रस्त्यावरून स्कूटरींचा लोंढा चालला होता. एकीवर अख्खं कुटुंब, एकीवर बदकांचे पिंजरे, एकीवर काचेचं कपाट धरून बसलेली बाई.

"ओलांडून दाखवा बघू," थोआ म्हणाली. "थांबायचं नाही, पळायचं नाही. सरळ चालायचं, लोक आपोआप वाट देतात. लोआननं सांगितलंय."

"तुला कधी सांगितलं?"

"तुमच्या चोरून फोन करायची."

"म्हणजे मायलेकी सामील!" विन्ह फणकारला आणि तावातावानं रस्त्यात उतरला. पलीकडे जाऊन तसाच परत आला, तेव्हा त्याची छाती चार बोटं फुगली होती. "एकही अंगाला लागली नाही! चालवतात बरं पोरं."

कोपऱ्यावर एक बाई निखाऱ्यांवर डुकराचं मांस भाजत होती. लसणाचा, मधाचा धूर रस्ताभर पसरला होता. थोआ त्या धुरात डोळे मिटून उभी राहिली. "वासानंच पोट भरलं बाई."

"वासावरच भागव. काय हवं म्हणून विचारलं का कुणी? गावात तीन घरं ओलांडेपर्यंत चार जण जेवायला बोलवायचे. इथं शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही."

थोआनं नुसतं बोट दाखवलं. शेजारची भाजीवाली टोपली तशीच टाकून कुठंतरी गेली होती. गिऱ्हाईक आलं, तशी मांस भाजणारी बाई हात पुसत उठली, शेजारणीच्या जुड्या विकल्या, वर कोमेजणाऱ्या पानांवर पाणीही शिंपडलं. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

विन्ह बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हं."

त्याच्या तोंडून 'हं' निघालं म्हणजे निम्मी लढाई जिंकली, हे थोआला चांगलं ठाऊक होतं. तिला फार फार बरं वाटलं. म्हाताऱ्यानं आता लेकीला एक गोड शब्द द्यावा, एवढंच राहिलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी किएन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होता. नखांत ग्रीस, पण शर्टावर सुरकुती नाही. टॅक्सीपुढं तो कमरेत वाकला. "बा, मा, या. आपलंच घर आहे." तीन मजल्यांचे जिने त्यानं धुऊन काढले होते. पायऱ्या अजून ओल्या होत्या.

"जावई वाईट नाही हो," थोआ कुजबुजली.

"जिने धुणारा आहे खरा," विन्ह म्हणाला, आणि दाराशी येऊन थबकला.

"काय झालं? पाय दुखतात?"

"शपथ दुखते."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. थोआचा आता त्यावरही विश्वास राहिला नव्हता. ती त्याला तिथंच सोडून आत गेली.

आत लोआननं उंच फळीवर गाठोडं सोडलं. त्यातून निघालं गावच्या घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्यातलं उदबत्त्यांचं भांडं, वर्षानुवर्षांच्या राखेनं भरलेलं. त्यामागं तिनं बा आणि मा यांचे फोटो टेकवले, पुढं फळं मांडली, उदबत्त्या लावल्या. "बा, मा, वाट सापडली ना? एक छापा, एक काटा पडला तर इथं राहायला राजी आहात असं समजेन." तिनं दोन नाणी बशीत टाकली. दोन्ही छापे. पुन्हा टाकली. पुन्हा दोन्ही छापे. "बा अजून रागावलेत," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. किएननं नाणी उचलून परत तिच्या हातात दिली. तिसऱ्या वेळी एक छापा पडला आणि दुसरं नाणं बशीत गरगरत राहिलं. विन्हनं उंबरा ओलांडला, आणि ते फिरतं नाणं बोटानं अलगद काट्यावर पाडलं.